दोन वाजताचा रिलीव्हर

विषय: मरोदा सेक्टरमधील क्वार्टर निवृत्तीनंतर आणखी काही काळ ताब्यात ठेवण्यास मुदतवाढ मिळणेबाबत.

अर्जदार: केवलराम कापगते, निवृत्त ऑपरेटर, मिल विभाग.

कारण: अर्जदाराच्या पत्नीस या घराखेरीज दुसरे घर ओळखू येत नाही.

कारणाच्या रकान्यात लोक मुलीचं लग्न लिहितात, मुलाची परीक्षा लिहितात, आणि फारच काही सुचलं नाही तर नव्या घराची फरशी बाकी आहे असं लिहितात. ही कारणं बहुधा खोटी असतात, पण सवयीची असतात, म्हणून त्यांच्यावर सही लवकर होते. केवलरामांनी खरं कारण लिहिलं आणि फाइल तिथंच बसली. खऱ्या कारणापुढं शेरा काय मारायचा, हे कुणालाच आठवेना.

प्रकरण असं आहे.

केवलराम मूळचे साकोलीकडच्या एका खेड्यातले. बापाची धानाची शेती भावांत वाटली गेली तेव्हा यांच्या वाट्याला धानापेक्षा बांधच जास्त आले. म्हणून ते भिलाईला आले, पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये लागले आणि निवृत्त होईपर्यंत एकाच खुर्चीवर बसले. मिलमध्ये उंचावर एक काचेची केबिन असते. खाली लालभडक तापलेलं लोखंड रुळांवरून धावत येतं. त्याला फक्त पुढं जाणं कळतं. वर पॅनलसमोर बसलेला माणूस बटणं दाबून त्याला थांबवतो, वळवतो, वेळ आली की सोडतो. खालच्याला घाई आणि वरच्याला सबुरी, एवढ्यावर सगळी मिल चालते.

पाळी बदलताना तिथं एक रिवाज होता. नवा माणूस लोखंडी जिना चढून वर येई. बसलेला माणूस पॅनलवरची नजर न काढता विचारी, ‘‘चार्ज घेतला?’’ आलेला म्हणे, ‘‘घेतला.’’ मगच पहिला उठे. तो शब्द निघाला की पॅनलवरचा त्याचा हक्क संपला. नंतर एका बटणालाही बोट लावायचं नाही. आणि रिलीव्हर आलाच नाही, तर सीट सोडायची नाही. पुढची पाळीही तुमचीच. भूक, लघवी, सासऱ्याचं मयत, सगळं पॅनलनंतर.

केवलरामांना दुपारी दोन वाजता मोकळं करायला उतईहून सायकलने सुखराम यायचा. छत्तीसगढी गडी, हसरा, गळ्यात घामाने भिजलेला गमछा. बसण्याआधी तो त्या गमछ्याने सीट दोनदा झटकायचा, जणू केवलरामांनी पाळीभर तिच्यावर धानच मळलं असावं. एका मे महिन्यात तो आला नाही. केवलरामांनी दुसरी पाळी ओढली आणि बसल्या बसल्या सुखरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. संध्याकाळी कळलं, त्याला वाटेत लू, उन्हाची झळ, लागली होती. सायकल झाडाला टेकवून तो सावलीत बसला, तो बसलाच. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, गडी झोपला आहे.

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की केवलराम ती विसरले होते असं ते शपथेवर सांगतील.

निवृत्तीनंतर गयाबाईंचं सुरू झालं. त्यांच्या आठवणी गेल्या नाहीत, आठवणींचा क्रम गेला. सगळं डोक्यात होतं, पण एकाच वेळी होतं. कधीच वारलेली त्यांची आई स्वयंपाकघरात भात शिजवत होती. केस पांढरे झालेला मुलगा प्रफुल्ल शाळेतून यायचा होता. आणि रोज दुपारी, शेजारपाजार कूलर लावून पडला की, त्या पदर खोचून निघायच्या. मायकडं.

केवलरामांनी सुरुवातीला त्यांना समजावून पाहिलं. समजावणं हा त्यांच्या स्वभावातला दोष होता.

‘‘गया, तुही माय जाऊन कित्तीक वर्सं झाले. तू सोता रडली होती.’’

‘‘मेली?’’ गयाबाईंचा चेहरा विस्कटायचा. ‘‘कधी...? मले कोणी सांगतलं कावून नाई?’’

मग त्या रडायच्या. आत्ताच तार आल्यासारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. केवलरामांच्या तर्कशास्त्राने ती माउली रोज दुपारी नव्याने मरत होती.

नात गुंजन, प्रफुल्लची मुलगी, रायपूरला मानसशास्त्र शिकते. रविवारी आली की आजीच्या वेणीला तेल लावते. तिने हा प्रकार पाहिला आणि आजोबांना मागच्या अंगणात बोलावलं.

‘‘आबा, उनसे बहस मत करो ना. असं समजा, डोक्यात दोन जण काम करतात. पहिला जन्मापासूनचा. त्याला जे पाहिजे ते अभी के अभी पाहिजे. त्याला ‘नाही’ कळत नाही, ‘काल’ कळत नाही, कोणी मेलं हे तर बिलकुल कळत नाही. त्याच्यासाठी सगळे हाजिर. दुसरा नंतर येतो. तो थांबतो, तोलतो. हे आधी, ते मग. हे असं, म्हणून ते तसं. सगळं लॉजिक त्याचं. पुस्तकात त्याला सेकंडरी प्रोसेस म्हणतात. दुय्यम.’’

‘‘दुय्यम कावून? काम तर सारं तोच करून राहिला.’’

‘‘मागून आला म्हणून.’’

‘‘म्हणजे पहिला परमनंट अन् हा ठेक्यावरचा.’’

गुंजन हसली. ‘‘तसंच समजा.’’

‘‘हे तर आमची मिलच झाली. खाली लोखंड, वर ऑपरेटर.’’ केवलरामांना मनातून बरं वाटलं. आयुष्यभर आपण एका पुस्तकातल्या गोष्टीचं काम करत होतो, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. ‘‘अन् माणूस झोपला का मंग?’’

‘‘झोपेत दुसरा ड्यूटीवर नसतो. इसीलिए तो सपने वैसे होते हैं. एका माणसात तीन माणसं, मेलेला पंगतीत बसलेला, और हमको कुछ अजीब भी नहीं लगता.’’

हे केवलरामांना पटलं, पण आवडलं नाही. ‘‘विना रिलीव्हर सीट सोडते? चार्जशीट द्या त्याले.’’

‘‘आजीचा दुसरा थकलाय, आबा,’’ गुंजन हळू आवाजात म्हणाली. ‘‘निकल रहा है, धीरे-धीरे.’’

केवलरामांनी कुंपणावर वाळत टाकलेलं गयाबाईंचं लुगडं घडी करून खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, ‘‘मंग तिचा विचार मी करतो. डबल ड्यूटी.’’

प्रफुल्ल आणि सून नीतू वैशाली नगरात तिसऱ्या माळ्यावर राहतात. दोघांच्या नोकऱ्या आहेत. होळीला त्यांनी गयाबाईंना तिकडं नेऊन पाहिलं होतं. गयाबाई रात्रभर एका कोऱ्या भिंतीवर हात फिरवत होत्या. मरोद्याच्या क्वार्टरमध्ये त्या जागी मागचं दार आहे.

‘‘बाबा, मी मधी पडत नाही,’’ प्रफुल्लने सांगितलं होतं. ‘‘पण आई एकदा जरी उन्हात बाहेर सापडली ना, तर मी ऐकणार नाही. अर्ज मंजूर होवो का नामंजूर. दोघांले उचलून नेईन.’’

‘‘मामाजी, आमी काही दुश्मन नाही तुमचे,’’ नीतू सासऱ्यांना म्हणाली. ‘‘तुमी झोपता कधी, हे सांगा बरं.’’

‘‘झोपतो ना,’’ केवलराम म्हणाले. हे अर्जातल्या सवयीच्या कारणांपैकी होतं.

झोपत नव्हते ते. रात्री गयाबाई उठायच्या, दुपारी निघायच्या. केवलरामांनी पुढच्या दाराची कडी लावून त्याला पाठ टेकेल अशी एक खुर्ची ठेवली आणि समोर गयाबाईंची खाट घेतली. तेच त्यांचं नवं पॅनल. बसण्यापूर्वी घरातून एक फेरी मारायची आणि मोठ्याने बोलायचं, म्हणजे डोळा लागत नाही: ‘‘पहिली गोष्ट, गॅस बंद. दुसरी गोष्ट, मागची कडी लावली. म्हणून गया आत.’’ त्या ‘म्हणून’वर ते घर उभं होतं.

आता त्या दुपारी काय झालं ते.

भिलाईत मे महिन्यातल्या दुपारी रस्ते रात्रीपेक्षा ओस असतात. कुत्रीसुद्धा नाल्याच्या पुलाखाली जातात. लोक खिडक्यांना पुठ्ठे लावतात, दारांवर चादरी सोडतात, आणि भर उन्हात घराघरांतून काळोख करून पडतात. केवलरामांच्या खोलीतही तसाच काळोख होता. तपकिरी, ओलसर, कूलरमधल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, वासाचा. कूलर घरघरत होता. त्याच्या आतून पाणी ठिबकत होतं. आदल्या रात्री गयाबाई अजिबात झोपल्या नव्हत्या. आता मात्र खाटेवर तोंड उघडं टाकून शांत पडल्या होत्या. केवलराम खुर्चीत ताठ बसून त्यांच्याकडं पाहत होते. डोळ्यांत वाळू भरल्यासारखी झाली होती.

कूलरच्या आवाजाचं एक असतं. त्यात जे ऐकायचं म्हटलं ते ऐकू येतं. केवलरामांना हे ठाऊक होतं. म्हणून लोखंडी जिन्यावर पावलं वाजली तेव्हा ते दचकले नाहीत. त्यांनी विचार केला. पहिली गोष्ट, आपलं घर तळमजल्यावर. दुसरी गोष्ट, लोखंडी जिना इथं नाही. म्हणून शेजारी कुणीतरी भांडी लावत आहे. विचार बरोबर होता. पावलं आणखी एक वळसा वर आली.

मग वास आला. खसाचा नव्हे. ओला गमछा, तापलेलं सायकलचं रबर, आणि त्याच्या खाली मिलच्या ग्रीसचा तो जुना जड वास. केवलरामांनी पुन्हा विचार केला. कूलर बाहेरची हवा ओढतो. बाहेर कुणीतरी सायकल उन्हात लावली आहे. म्हणून वास. हाही विचार बरोबर होता.

तेवढ्यात वीज गेली.

कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं. ठिबक थांबली. सगळ्या कॉलनीचे कूलर एकदम बंद पडले आणि एवढी शांतता झाली की ती कानांत दुखावी. त्या शांततेत केवलरामांच्या खुर्चीमागं कुणीतरी धापा टाकत होतं. नुकताच जिना चढून आल्यासारखं. खुर्चीमागं बंद दार होतं. कडी लावलेली होती. दार आणि खुर्ची यांच्यात वीतभरही जागा नव्हती.

‘‘देरी होगे, भइया...’’

केवलरामांनी मान वळवली नाही. पॅनलवर बसलेला माणूस मान वळवत नाही. नजर गयाबाईंवर ठेवून त्यांचं तोंड आपोआप बोललं, जसं ते नोकरीभर बोलत आलं होतं:

‘‘चार्ज घेतला?’’

‘‘ले लेंव.’’

घेतला.

त्या शब्दासरशी त्यांच्या मानेतून, खांद्यांतून, पार पोटातून काहीतरी सुटलं. ते उठले. मागं न पाहता आतल्या खोलीत गेले आणि लाकूड पडावं तसे पलंगावर पडले. त्या क्षणी त्यांना भीती वाटायला हवी होती. पण भीती वाटायलाही थोडा विचार करावा लागतो, आणि तो आता त्यांच्या ताब्यात नव्हता.

ते उठले तेव्हा दिवे लागले होते. बाहेरच्या खोलीत, दाराला पाठ टेकून, त्यांच्या खुर्चीत गयाबाई बसल्या होत्या. पाय जुळवलेले, हात मांडीवर, नजर समोर.

‘‘उठले?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पहिली गोष्ट, तुमची बीपीची गोळी राहिली. दुसरी गोष्ट, दूधवाला येऊन गेला. दूध तापवलं, गॅस बंद केला. म्हणून आता गोळी घ्या अन् वरून चहा घ्या.’’

केवलराम दारातच रडायला लागले. आनंदानेच.

पुढचे दिवस घरात सण होता. गयाबाईंना वार कळत होता. प्रफुल्लची शाळा त्या विसरल्या. त्याच्या ऑफिसातल्या बदलीबद्दल विचारू लागल्या. नीतू बुंदीचे लाडू घेऊन आली. ‘‘मामीजी तर एकदम ठीक! डॉक्टर म्हणते, असे चांगले दिवस येतात मधीमधी.’’ गयाबाईंनी लाडू घेतला, अर्धा परत ठेवला आणि केवलरामांकडं बोट करून म्हणाल्या, ‘‘साखर जास्त. यायले देऊ नका.’’ सगळे हसले. गयाबाई हसल्या नाहीत. पूर्वी त्या नाकातून सुरू होऊन खोकल्यावर संपणारं असं काही हसायच्या की शेजारीण विचारायला यायची.

त्या खुर्चीवरून उठत फक्त फेरीपुरत्या. गॅस, नळ, कडी. परत आल्या की बसण्यापूर्वी पदराने खुर्ची झटकत. दोनदा.

केवलरामांनी हे पाहिलं. रोज पाहिलं. त्या झटकण्यापुढं काहीतरी यायला हवं होतं, एक दुवा, एक ‘म्हणून’. ते जिन्यावरच्या माणसासारखे पाऊल उचलून वाट पाहत, आणि पायरी येत नसे.

त्यांचं बरंच काही असं अधांतरी राहू लागलं. ते कोथिंबीर आणायला गेले आणि कारखान्याच्या गेटवर पाळीच्या रांगेत उभे राहिले. गार्डने ‘दादा, पास?’ विचारलं तेव्हा त्यांनी पिशवी उघडून दाखवली. प्रफुल्लला त्यांनी पाढे म्हणायला सांगितले. एका सकाळी गॅस उघडा राहिला. गयाबाईंनी तो बंद केला. फक्त पाहिलं, जसं वरून खाली पाहतात.

तेव्हा एका दुपारी, का ते न कळता, केवलरामांनी विचारलं, ‘‘गया, तुही माय कुठी आहे वं?’’

‘‘मेली.’’

‘‘कधी?’’

‘‘तुमाले माहीत आहे. माहीत असलेली गोष्ट कावून विचारता?’’

डोळे कोरडे होते. केवलरामांना एकाएकी त्या रोजच्या रडण्याची भूक लागल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी, स्वयंपाकघराच्या पडद्याआडून, बारीक आवाज आला:

‘‘माय... भात झाला का वं?’’

आवाज गयाबाईंचा होता. समोर खुर्चीत गयाबाईंचे ओठ मिटलेले होते.

‘‘तिकडं जायचं नाई,’’ खुर्चीतून उत्तर आलं.

‘‘कोण आहे तिकडं...?’’

‘‘कोणीच नाई. पहिली गोष्ट, घरात आपण दोघंच. दुसरी गोष्ट, मी इथी बसली आहे. म्हणून तिकडं कोणी नाई.’’

केवलरामांनी त्या बोलण्यात भोक शोधलं, नव्या कोठीत उंदीर शोधतो तसं. भोक नव्हतं. पडद्याआडून पुन्हा आवाज आला, आता जरा घाबरल्यासारखा: ‘‘माय...?’’

रविवारी त्यांनी गुंजनला कुंपणाशी गाठलं.

‘‘बेटा, खुर्चीवर बसली ते तुही आजी नाई.’’

‘‘आबा...’’ गुंजनचा आवाज एकदम मऊ झाला. शिकलेली माणसं असा आवाज काढतात तेव्हा समजावं की आपली केस झाली. ‘‘फिर आजी कहां है?’’

‘‘सयपाकघरात. मायजवळ. तिले पाहणारं कोणी नाई तिथी.’’

‘‘और खुर्चीवर कोण आहे?’’

‘‘सुखराम आहे. मी आहे. तुही आजीचं तोंड आहे.’’ ते बोटं मोजू लागले आणि मध्येच विसरले. ‘‘मी चार्ज देऊन बसलो, बेटा.’’

गुंजनने त्यांची मोजायला उघडलेली बोटं हळूच मिटवली. मग म्हणाली, ‘‘आबा, त्या दुपारी तुम्ही किती थकला होता, हे मला माहीत आहे. सच बताओ, तुम्हाला त्या वेळी काय पाहिजे होतं?’’

‘‘कोणी यावं... अन् म्हणावं, आता मी पाहातो.’’

‘‘बस?’’

‘‘अन् हे... संपावं.’’

‘‘क्या खतम हो, आबा?’’

केवलराम चपलेने अंगणातली माती सारखी करू लागले. गुंजनने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. जाताना ती आजीच्या पाया पडली, आणि नेहमीप्रमाणे वेणीला तेल लावू का म्हणाली. ‘‘कावून?’’ गयाबाईंनी विचारलं. गुंजनने तेलाची बाटली परत फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला केवलराम आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. कूलर घरघरत होता. बोलायचे शब्द त्यांनी सकाळपासून तोंडात धरून ठेवले होते, सांडू नयेत म्हणून.

‘‘चार्ज दे.’’

‘‘कोणाले?’’

‘‘मले. मी रिलीव्हर.’’

गयाबाईंच्या चेहऱ्याने त्यांच्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

‘‘पहिली गोष्ट, रिलीव्हर बाहेरून येते. तुमी घरातूनच आले. दुसरी गोष्ट, पॅनलवर बसायले माणूस जागा पाह्यजे. गॅस कोणी उघडा ठेवला?’’

‘‘मी.’’

‘‘बंद कोणी केला?’’

‘‘तू... तुमी.’’

‘‘चार्ज तुमी सोताहून दिला का कोणी जबरदस्ती केली?’’

‘‘सोताहून.’’

‘‘म्हणून?’’

आणि ती खुर्ची थांबली. चांगला मास्तर थांबतो तशी, पोराने उत्तर स्वतःच काढावं म्हणून. कूलरचं पाणी ठिबकत होतं. केवलरामांना बऱ्याच दिवसांनी पायरी सापडली. त्यांनी पाऊल टाकलं.

‘‘म्हणून... चार्ज तुमच्याकडंच.’’

‘‘बरोबर.’’

‘‘गया कुठी आहे?’’ त्यांनी विचारलं. हे विचारायचं ठरलेलं नव्हतं. ते आपोआप आलं.

‘‘तुमाले गया पाह्यजे, का घर नीट चालाले पाह्यजे?’’ खुर्चीतून शांतपणे विचारणा झाली. ‘‘दोन्ही एका पाळीत होत नाई.’’

हेही बरोबर असावं. पण पडद्याआड कुणीतरी डबे उघडून उघडून ठेवत होतं, लहान पोर शोधतं तसं, आणि मधूनमधून मुसमुसत होतं. केवलरामांनी त्या बरोबर असण्याकडं पाठ केली. ‘‘जाऊ नका,’’ मागून आवाज आला. ‘‘तिकडून मंग इकडचं दिसत नाई.’’ त्यांनी पडदा बाजूला केला आणि आत गेले.

आत त्यांनी काय पाहिलं ते कळवण्याची सोय नाही. सांगायला क्रम लागतो, आणि क्रम त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवला होता.

संध्याकाळी प्रफुल्ल आला तेव्हा ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सुपात तांदूळ निवडत होते. सूप रिकामं होतं. चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोत आहे तसं हसू होतं. ‘‘ये बाबू, आला का शाळेतून?’’ ते म्हणाले, आणि जरा सरकून कुणालातरी जागा करून दिली. ‘‘आजीच्या पाया पड आधी.’’

प्रफुल्लने भिंतीला हात टेकला. बाहेरच्या खोलीतून आईचा स्थिर आवाज आला.

‘‘रडू नको, प्रफुल्ल. रडून गोळ्या मिळत नाई. पहिली गोष्ट, उद्या डॉक्टरची वेळ घे. दुसरी गोष्ट, हे आता बाहेर जात नाई, म्हणून घाबरायचं काम नाई. मी आहे.’’

घर उत्तम चाललं आहे. विजेचं बिल वेळेवर जातं, नळ टपकत नाही, दूध उतू जात नाही. वैशाली नगरला न्यायचं नाव प्रफुल्ल आता काढत नाही; कशाला काढेल? आई उन्हात बाहेर सापडण्याचा प्रश्न मिटला. अर्जातलं कारण तेवढं त्याने दुरुस्त करून दिलं: ‘अर्जदाराच्या पत्नीस’ऐवजी ‘अर्जदारास’.

गुंजन रायपूरहून दुपारी फोन करते. पहिल्या घंटीला गयाबाई उचलतात आणि अहवाल देतात. जेवण, गोळी, झोप, क्रमाने. परवा त्या असंच सांगत होत्या, आणि मागं आबा हसले. गुंजनला बरं वाटलं. मग त्यांच्याबरोबर आणखी कुणीतरी हसलं. नाकातून सुरू होऊन खोकल्यावर संपणारं.

‘‘आजी,’’ गुंजन म्हणाली, ‘‘किचन में कौन है?’’

‘‘तुहे आबा.’’

‘‘और...?’’

पलीकडं फक्त कूलर ऐकू येत राहिला. हसणं चालूच होतं. आता खोकला आला, आणि आबा म्हणाले, ‘‘पाणी पी, पाणी.’’

‘‘गुंजन,’’ फोनवरचा आवाज म्हणाला, ‘‘तू दुपारी दोनले मोकळी असतेस का?’’

गुंजनने फोन कापला. फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण उठून उभ्या आहोत आणि होस्टेलची खुर्ची ओढणीने झटकत आहोत.

क्वार्टर विभागाकडून अर्जावर एक शंका आली आहे: सदर क्वार्टरमध्ये सध्या राहणाऱ्या व्यक्तींची संख्या कळवावी. प्रफुल्लने ‘दोन’ असं लिहून ठेवलं आहे. गुंजन म्हणते, बाबा, इतक्यात सही करू नका. उत्तर अद्याप गेलेलं नाही. अर्ज विचाराधीन आहे.